तीनदा ठोठावलेलं दार

'द बिग बँग थिअरी' या अमेरिकी विनोदी मालिकेचा २०१३ सालचा एक भाग आहे. शेल्डन कूपर या भौतिकशास्त्रज्ञाला कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली सोसत नाही. त्याची मैत्रीण एमी मेंदूची अभ्यासक. ती ठरवते की याला अपुरेपणाची सवय लावायची. मग फुली-गोळ्याचा डाव शेवटची खूण करण्याआधीच पुसला जातो. राष्ट्रगीत शेवटच्या ओळीपूर्वी थांबवलं जातं. ज्या खेळण्यातून विदूषक उसळून बाहेर येतो, त्याची किल्ली नेमकी त्या क्षणाआधी थांबते. शेल्डन कासावीस होतो आणि मागून हशा ऐकू येतो. अखेर तो एमीला सांगतो की आता मला काहीच वाटत नाही. ती जाते. दार लागताच तो धावत सुटतो आणि राहिलेली एकेक गोष्ट पूर्ण करतो. मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो.

हा भाग लिहिणाऱ्यांची नजर तीक्ष्ण होती असं मला वाटतं. मंत्रचळाने, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर किंवा थोडक्यात ओसीडी म्हणतात त्या विकाराने, त्रासलेला माणूस दोन गोष्टी करतो. एक म्हणजे त्याला एखादी कृती पुन्हापुन्हा केल्यावाचून राहवत नाही. दुसरी म्हणजे तो ती लपवतो. माणसांसमोर दात आवळून थांबायचं, एकटं पडताच उरलेलं उरकून घ्यायचं, हे कितीतरी घरांतलं रोजचं आयुष्य आहे. मालिकेने दोन्ही दाखवलं. दाखवलं नाही ते एवढंच की शेल्डनच्या मनात त्या वेळी काय चाललेलं असतं. सगळ्या दुखण्याचं मूळ मात्र तिथेच असतं.

हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. त्यासाठी त्याने दिलेल्या उदाहरणांत तसाच एक स्प्रिंगचा बाहुला आहे. दाबला तरी पुन्हा उसळून वर येणारा. पुनरुक्ती हा विनोदाचा जुना आणि हुकमी घटक आहे. एखाद्या पात्राने एकदा दार ठोठावलं तर काही घडत नाही. शेल्डन दर वेळी तीनदा ठोठावतो, दर वेळी नाव घेतो, म्हणून लोक हसतात. बर्गसाँने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला या विषयाच्या गाभ्याची वाटते. हसण्यासाठी क्षणभर काळीज बधिर व्हावं लागतं. समोरच्याचं दुःख आत शिरलं की हसू मावळतं. मंत्रचळ हा मुळातच पुनरुक्तीचा विकार. विनोद ज्या गोष्टीवर चालतो, तिच्यामुळेच हा रोगी पिचलेला असतो. म्हणूनच दूरचित्रवाणीच्या विनोदाला त्याचा मोह पडतो आणि म्हणूनच तो दाखवताना काळीज बधिर ठेवण्याचा मोहही आवरत नाही.

शेल्डनच्या तीन ठोक्यांचं कारण मालिकेने सांगितलं ते २०१६ साली. तेरा वर्षांचा असताना दार न ठोठावता तो घरात शिरला आणि त्याला वडील परक्या बाईबरोबर दिसले. तेव्हापासून पहिला ठोका रिवाजाचा, उरलेले दोन आतल्या माणसाला सावरायला वेळ मिळावा म्हणून. मालिका सुरू झाली होती २००७ साली. म्हणजे त्या ठोक्यांवर नऊ वर्षं हसून झाल्यावर त्यामागची भीती प्रेक्षकांना कळली.

या विकाराची दोन अंगं आहेत. पहिलं अंग विचारांचं. नको असलेला एक विचार, चित्र किंवा आवेग मनात घुसतो आणि हुसकला तरी जात नाही. दुसरं अंग कृतीचं. त्या विचाराने उठलेली धास्ती शमवायला माणूस काहीतरी करतो. धुतो, तपासतो, मोजतो, नीट मांडतो, मनातल्या मनात नाव घेतो, दुसऱ्याला विचारून खात्री करून घेतो. धास्ती थोडी उतरते. पण मेंदू त्यातून एवढंच शिकतो की कृती केली म्हणून संकट टळलं. पुढच्या वेळी विचार अधिक जोराने येतो, कृती लांबते. पाच मिनिटांची आंघोळ तासाची होते, मग दोन तासांची. हातांना चिरा पडतात, परीक्षेचा पेपर पहिल्याच प्रश्नावर अडकतो, नोकरी सुटते. यातलं काहीही त्या माणसाला आवडत नसतं. आपलं वागणं निरर्थक आहे हे बहुतेकांना पक्कं माहीत असतं आणि तरीही हात थांबत नाहीत.

विचार घुसण्यात मात्र जगावेगळं काही नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चारचौघांसारख्या निरोगी माणसांना विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी सांगितलं की असे नकोसे विचार आम्हालाही येतात. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ ९४ टक्क्यांनी मागच्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार आल्याचं सांगितलं. जबलपूरजवळ भेडाघाटला धुआंधार धबधब्याच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली नर्मदेचा तो पांढरा कल्लोळ पाहताना 'शेजारच्याला ढकललं तर?' असा विचार चमकून जातो. बहुतेक जण एक पाऊल मागे घेतात आणि विसरून भजी खायला जातात. आता समजा, एक आई आपल्या लेकराचा हात धरून तिथे उभी आहे आणि हाच विचार तिच्या मनात आला. ती हादरते. 'माझ्या मनात हे आलंच कसं? मी अशी आहे?' त्या दिवसापासून ती मुलाला घेऊन पाण्याच्या आसपास जात नाही. मग गच्चीवर जात नाही. मग स्वयंपाकघरातली सुरी फडताळात कुलूप लावून ठेवते. देवाजवळ दिवसातून शंभरदा क्षमा मागते. हाही मंत्रचळच. यात कुठेही साबण नाही, बादली नाही, रांगेत लावलेल्या बरण्या नाहीत. ती आई मुलाला इजा करण्याची शक्यता जवळपास नाही. उलट जे तिला सर्वांत प्रिय आहे त्यालाच हा विकार धरतो. देवभक्ताला देवाविषयी अभद्र विचार येतात, सरळमार्गी माणसाला लैंगिक चित्रं छळतात.

अशी आई दूरचित्रवाणीवरच्या विनोदात कधी दिसते का? फार क्वचित. कॅमेऱ्याला दिसतं ते हात धुणं आणि सरळ रेषेत ठेवलेले चमचे. 'फ्रेंड्स' (१९९४ ते २००४) मधली मोनिका घ्या. तिच्याकडे टॉवेलांचे ११ प्रकार आहेत आणि एका प्रसंगात तिला व्हॅक्यूम क्लीनर साफ करण्यासाठी आणखी छोटा व्हॅक्यूम क्लीनर हवासा वाटतो. तिच्याकडे बोट दाखवून 'हिला ओसीडी आहे' असं जगभरातले प्रेक्षक म्हणतात. पण मोनिकाला सफाईत आनंद मिळतो, तिला तिचा अभिमान आहे. मानसोपचारात या दोन अवस्था वेगळ्या मानतात. शिस्त, नियम आणि टापटीप यांचा अतिरेक हा स्वभावाचा भाग असेल, तर माणसाला तो आपलाच वाटतो आणि चुकतात ते बाकीचे. मंत्रचळात माणूस स्वतःच्याच विचारांशी झुंजत असतो. रात्री दोन वाजता मोरीत रडत हात धुणाऱ्या माणसाला मोनिकाच्या शेजारी बसवणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

आपल्याकडच्या मालिकांत 'साराभाई व्हर्सेस साराभाई' (स्टार वन, २००४ पासून) आठवते. रत्ना पाठक शाह यांची माया साराभाई सुनेच्या अव्यवस्थितपणावर नाक मुरडते आणि हरघडी तिला 'मिडल क्लास' ठरवते. ते पाहताना मला मनमुराद हसू येतं आणि त्यात गैर काही वाटत नाही, कारण हसू मायाच्या वर्गाभिमानाला लागतं. आमचं जबलपूर हे हिंदी व्यंग्यकार हरिशंकर परसाईंचं कर्मस्थान. दंभावर, सत्तेवर, ढोंगावर नेम धरणारं व्यंग्य या शहराने त्यांच्या लेखणीतून वाचलं. फटका कोणाच्या पाठीवर पडतो हे पाहण्याची दृष्टी इथल्या वाचकाला त्यांनी दिली. तीच दृष्टी 'महानुभावुडु' या २०१७ सालच्या तेलुगू चित्रपटाला लावली की अस्वस्थ व्हायला होतं. त्यात नायकाला ओसीडी आहे असं उघड म्हटलं आहे, विनोद जवळजवळ सगळा त्याच्या घाणीच्या भीतीवर आहे आणि प्रेमासाठी तो ती भीती ओलांडून जातो. प्रेमाने माणूस उपचाराला तयार होतो हे खरं. प्रेमाने हा आजार बरा होतो असं मात्र नाही. नवऱ्याने किंवा आईने 'माझ्यावर प्रेम असेल तर सोड हे' असं म्हटलं, की रोग्याच्या ओझ्यात अपराधाची भर पडते.

जबलपूरच्या मराठी घरांत हा विषय आणखी एका कारणाने झाकला जातो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, पुढे रेल्वे आणि गन कॅरेज फॅक्टरीच्या नोकऱ्यांमुळे इथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी सोवळं-ओवळं, कुळाचार, सण जिवापाड जपले. परमुलखात आपलेपण टिकवण्याचा तो मार्ग होता आणि मला त्याबद्दल आदर आहे. घराजवळ नर्मदा, ग्वारीघाटावरचं स्नान, पर्वकाळ. अशा घरात एखाद्या काकूंचं सोवळं वाढत गेलं, त्या नळाची तोटी सात वेळा धुऊ लागल्या, तर कोणाला वावगं वाटत नाही. 'त्यांचं फार कडक असतं हो' म्हणून कौतुकच होतं. मग त्या जेवायला चार वाजता बसतात, नातवाला जवळ घेत नाहीत, लग्नाकार्याला जाणं सोडतात आणि तेव्हा त्याच घरात त्यांच्या नकला होतात. व्रत पाळणाऱ्या बाईचं मन व्रत संपलं की निवतं. काकूंचं कधीच निवत नाही. खरी ओळख इथे पटते. धर्म या विकाराला जन्म देत नाही, त्याला फक्त इथला पोशाख देतो. चंदीगडच्या अख्तर, विग आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ८२ रुग्णांच्या लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा विचारांच्या विषयांत घाण आणि विटाळ यांचा क्रमांक वरचा होता.

आणि तरुणांचं? त्यांच्या तोंडी 'मला ना थोडं ओसीडी आहे' हे वाक्य सहज येतं. वहीवर सरळ रेघ मारली, चादर ताणून घातली की झालं. हे वाक्य त्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या विनोदी तुकड्यांतून उचललं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याच वर्गात बसलेल्या, देवाविषयी घाणेरडे विचार येतात म्हणून झोप उडालेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की ओसीडी म्हणजे टापटीप. मग आपल्याला जे होतंय ते काय? तो स्वतःला पापी किंवा वेडा समजतो आणि गप्प राहतो. विकाराची सुरुवात बहुधा विशीच्या आतबाहेर होते आणि उपचार मिळेपर्यंत पुष्कळदा कित्येक वर्षं निघून जातात. त्या वर्षांतला काही वाटा या चुकीच्या चित्राचा आहे, असं मी ठामपणे मानतो.

'मंक' या मालिकेबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. २००२ ते २००९ या काळात चाललेल्या या मालिकेत टोनी शॅलूब यांनी एड्रियन मंक हा गुप्तहेर उभा केला आणि तीन एमी पुरस्कार मिळवले. पत्नीच्या खुनानंतर मंकचा विकार उफाळून आलेला आहे. त्याचा एकाकीपणा शॅलूब यांच्या डोळ्यांत दिसतो आणि हशा पिकतानाही त्या माणसाची कीव नव्हे, माया वाटते. पण मालिकेचा सांगाडा असा की विकार हीच त्याची प्रतिभा. तिसऱ्या मोसमातल्या एका भागात तो औषध घेतो, भीती जाते, तो मोकळा आणि थोडा उथळ होतो, आणि गुन्हा उकलण्याची त्याची शक्तीही जाते. शेवटी तो औषध सोडतो. घरोघरी औषधं अर्धवट सोडली जातात ती नेमक्या याच भीतीपायी की गोळीने डोकं बधिर होईल. प्रत्यक्षात फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारख्या औषधांनी बुद्धी जात नाही. नैराश्यापेक्षा या विकारात मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम जोखायला साधारण ८ ते १२ आठवडे थांबावं लागतं. महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून गोळ्या बंद करणारे म्हणूनच फसतात.

औषधाच्या जोडीला किंवा सौम्य विकारात औषधावाचूनही जो उपचार चालतो, तो एमीच्या प्रयोगाचा सख्खा भाऊ आहे. लंडनमधले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि भीती शमवणारी कृती करायची नाही. दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात न धुता बसून राहायचं. धास्ती चढते, शिगेला पोचते, आणि काही केलं नाही तरी हळूहळू उतरते. संकट येत नाही. मेंदू नवा धडा शिकतो. एमीने केलेल्या चुका यातूनच कळतात. उपचारात रुग्ण स्वतः पायऱ्या ठरवतो, सोप्यापासून अवघडाकडे जातो, त्याला फसवलं किंवा चिडवलं जात नाही आणि धास्ती उतरेपर्यंत त्याला एकटं सोडून कोणी निघून जात नाही. शेल्डनने तिच्या पाठीमागे सगळं पूर्ण केलं, त्याच क्षणी विकार पहिल्याहून घट्ट झाला.

विनोदी मालिकेला हे जमतच नाही असं नाही. 'स्क्रब्ज' या रुग्णालयातल्या मालिकेत २००४ साली मायकल जे. फॉक्स यांनी डॉ. केव्हिन केसी हा विलक्षण हुशार शल्यविशारद रंगवला. त्याच्या सवयींवर आधी हशा आहे. बाकीचे डॉक्टर त्याच्या तेजाने दिपले आहेत, थोडे जळतातही. मग रात्री त्यांतला एक जण गाऱ्हाणं घेऊन त्याला गाठतो. शस्त्रक्रिया संपून तास उलटलेले असतात आणि केसी अजून हात धुतोय. थांबता येत नाही म्हणून. आपली ही अवस्था कोणी पाहावी अशी त्याची इच्छा नव्हती. तिथे हशा नाही. त्याआधी हसलेला प्रेक्षक स्वतःच्या हसण्यापाशी अडखळतो. लेखकांनी विनोद टाळला नाही. कुठे थांबायचं ते त्यांना कळलं.

याहून कठीण काम म्हणजे कॅमेरा डोक्याच्या आत नेणं. ते भारतीय दूरचित्रवाणीने पूर्वी केलेलं आहे, वेगळ्या विषयासाठी. १९८९ सालची दूरदर्शनवरची 'मुंगेरीलाल के हसीन सपने' आठवा. प्रकाश झा यांचं दिग्दर्शन, मनोहर श्याम जोशी यांचं लेखन आणि मुंगेरीलाल झाले होते ते जबलपूरचे सुपुत्र रघुवीर यादव. दबलेला कारकून दिवास्वप्नात शिरतो आणि आपणही त्याच्याबरोबर शिरतो. बाहेरून दिसणारी तंद्री एवढंच दाखवलं असतं तर मुंगेरीलाल खुळा ठरला असता. त्याचं स्वप्न आपण पाहिलं, म्हणून तो आपला झाला. चॅनल फोरच्या 'प्युअर' या २०१९ सालच्या ब्रिटिश मालिकेने हीच वाट धरली. रोझ कार्टराइट यांच्या आत्मकथनावर ती बेतली आहे. चोवीस वर्षांच्या मार्नीला नको असलेली लैंगिक चित्रं सतत दिसतात आणि ती प्रेक्षकालाही दिसतात, तितकीच अचानक, तितकीच अवेळी. हसू येतं, दचकायलाही होतं, आणि हात न धुणाऱ्या, काही न मोजणाऱ्या मुलीला कोणता विकार आहे हे तिच्याबरोबरच उलगडतं. सहाच भाग, पण धुआंधारच्या कठड्यावरच्या त्या आईला स्वतःच्या त्रासाचं नाव सापडावं अशी ती मालिका आहे. मराठीत असं काही व्हावं ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे. 'चिमणराव'पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे'पर्यंत घरातल्या माणसांकडे मायेने पाहून हसवण्याची परंपरा आपल्याकडे आहेच.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. त्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना हा विकार आढळला. जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २४ लाखांहून जास्त होती. ढोबळ हिशेब केला तरी एकट्या या जिल्ह्यात दहा हजारांहून अधिक माणसं निघतात. शहरातल्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे आणि १४४१६ हा केंद्र सरकारचा टेली-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथे हिंदीत बोलता येतं, मराठीतही.

उपचारांत घरच्यांना करता येण्यासारखंही एक काम असतं. 'गॅस बंद आहे ना?' असं एखादा दहाव्यांदा विचारतो, तेव्हा आपण एकतर हसतो, नाहीतर वैतागून 'हो रे बाबा, बंद आहे' म्हणतो. दोन्हींनी विकाराचंच पोट भरतं. उपचार सुरू झाले की तज्ज्ञ घरच्यांनाही बोलावतात आणि रुग्णाच्या संमतीने एक वाक्य ठरवून देतात, 'हा प्रश्न तुझा आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण मी इथे बसलोय.' पहिल्यांदा ते म्हणताना जीभ अडखळते, समोरचा चिडतो, कधी रडतो. तरी तिथेच बसून राहायचं असतं, धास्ती उतरेपर्यंत.